साडेसहा हजारांचं करिअर समुपदेशन, दादर पश्चिम : पाचपैकी अडीच तारे

आधी तारे सांगते, मग कारणं. पाचपैकी अडीच. त्यातला एक एसीला आणि न मागता दिलेल्या पक्क्या पावतीला. उरलेला दीड तिथे चाचणी घ्यायला बसणाऱ्या मुलीला. मुख्य समुपदेशक सरांच्या वाट्याला काही उरलं नाही, पण त्याचं त्यांना वाईट वाटायचं कारण नाही. पैसे त्यांनी आधीच घेतले होते.

संस्थेचं नाव लिहीत नाही. बुकिंग करण्यापूर्वी अशा चार ठिकाणी मी फोन केले होते आणि चारही ठिकाणची पोपटपंची एकसारखी होती. मग एकट्या यांनाच कशाला बोल लावायचा?

मी कोण ते सांगणं भाग आहे, नाहीतर म्हणाल, ही कोण मोठी लागून गेली. १९८६ ते २०२२ मी परळकडच्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली. शेवटची काही वर्षं हेड क्लार्क, पण त्याआधीचा मोठा काळ प्रवेशाची खिडकी. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही. कुणाला काय हवं असतं, कुणाला काय मिळतं आणि तीन वर्षांनी कोण काय घेऊन बाहेर पडतं, या तिन्ही गोष्टींची रजिस्टरं माझ्या टेबलावरून गेली आहेत. आणि ती तिन्ही रजिस्टरं कधीही एकमेकांशी जुळली नाहीत. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर झालं असं. माझी भाची मृण्मयी २०२५ मध्ये बारावी झाली. कला शाखा, अठ्ठ्याहत्तर टक्के. ५ मेला निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी भावाच्या घरात सभा भरली. मृण्मयीला सायकॉलॉजी हवं होतं. का, तर तिच्या तीन मैत्रिणींना सायकॉलॉजी हवं होतं. भावजयीला वाटत होतं की मॅनेजमेंटचं काहीतरी करावं. भावाचं म्हणणं, बीए करून काय होतं, कॉमर्सला बदलून मिळतं का बघा. मी म्हटलं, मला विचारा ना. त्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुझं ते जुनं झालं. आता सगळं सायंटिफिक असतं." आणि त्याने मोबाईलवरची जाहिरात पुढे केली. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, एक तासाचं समुपदेशन, चोवीस पानांचा रिपोर्ट आणि एक फॉलोअप कॉल. साडेसहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे सात हजार सहाशे सत्तर. अनुदानित बीएची वर्षाची फी याहून कमी असते हे मी तोंडातच ठेवलं. भावाला रजा मिळेना, म्हणून घेऊन जायचं काम जुनं झालेल्या ताईकडेच आलं.

जागा सापडायला सोपी. दादर स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, फुलवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायची आणि कबुतरखान्याच्या दिशेला लागायचं. जुन्या इमारतीत तिसरा मजला. लिफ्टवर 'चार व्यक्ती' असं लिहिलंय, पण त्या चार व्यक्ती एकमेकांच्या चांगल्या ओळखीच्या असाव्या लागतात. आत गेल्यावर मात्र गारेगार. भिंतीवर ऑफिसच्या कपड्यांतली हसरी गोरी मुलं, पाण्याचं मशीन, प्लास्टिकचा मोगरा. सोफ्यावर पाच-सहा आईबाप. एक जोडपं विरारहून आलेलं, एक बाई कल्याणहून. सगळ्यांच्या मांडीवर मार्कशीटची प्लास्टिकची फाइल. ती फाइल पाहून मला आपल्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं.

चाचणी टॅबवर. एकशे ऐंशी प्रश्न, सगळे इंग्रजीत. मृण्मयी मराठी माध्यमाची. मराठीत आहे का विचारलं तर रिसेप्शनवरून उत्तर आलं, "मॅडम, ही इंटरनॅशनल टेस्ट आहे." पोरीला इंग्रजी कळतं, पण अडतं. शेजारी बसून मी दोन-चार प्रश्न वाचले. एक होता, हायस्कूलच्या बेसबॉल संघाला शिकवायला तुम्हाला किती आवडेल? एक ते पाचमध्ये सांगा. मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तीन टाक. लगोरी धरून चाल.

इथे चाचणी घेणारी मुलगी उठून आली आणि मला म्हणाली, "मॅडम, पालकांनी शेजारी बसायचं नसतं." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "तुम्ही खिडकी नंबर दोनवर होतात ना?"

छत्तीस वर्षं नोकरी केली की हे होतं. भाजीवाला, बँकेतला शिपाई, रुग्णालयातली नर्स, कुणीही विचारतं. ही आमचीच निघाली. तिच्याकडे नंतर येते, कारण दीड तारा तिचा आहे.

आता सरांचं सत्र. एक तास सांगितला होता, मी घड्याळ लावलं तर चाळीस मिनिटं. त्यातली पहिली दहा सर स्वतःबद्दल बोलले. मग त्यांनी मोठ्या स्क्रीनवर एक रंगीत चकती आणली. वर लिहिलेलं, मोस्ट पॉप्युलर मेजर्स. कुठल्या विषयात किती पदवीधर बाहेर पडतात, त्याची ती चकती. बिझनेस एकोणीस टक्के. हेल्थ तेरा टक्के. सोशल सायन्स आणि इतिहास मिळून आठ. मग बायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंजिनिअरिंग अशी उतरत्या भाजणीने. सर म्हणाले, "बघा, मुलांचा कल कुठे आहे ते डेटा सांगतो. बिझनेस नंबर वन. म्हणून मृण्मयीसाठी आपण बीएमएस बघतोय." बीएमएस म्हणजे मॅनेजमेंटची पदवी.

मी चष्मा लावून खालच्या बारीक फाका वाचत होते. एकीत लिहिलं होतं, पार्क्स, रिक्रिएशन, लेझर अँड फिटनेस. दुसरीत होमलँड सिक्युरिटी आणि फायरफायटिंग.

म्हटलं, "सर, ही पार्क्सची पदवी कुठे मिळते? राणीच्या बागेत?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हा ग्लोबल ट्रेंड आहे."

ग्लोबल वगैरे काही नाही, ती चकती अमेरिकेची होती. घरी आल्यावर भाच्याला संगणकावर बसवून खात्री करून घेतली. तिथलं सरकारी शिक्षण सांख्यिकी केंद्र दरवर्षी हे आकडे काढतं, आणि ही २०२१-२२ ची यादी होती. त्या वर्षी अमेरिकेत साधारण वीस लाख पदव्या दिल्या गेल्या, त्यातल्या पावणेचार लाख बिझनेसच्या. आकडे खरेच आहेत, फक्त दादरचे नाहीत. तिथल्या 'हेल्थ'मध्ये डॉक्टर नसतात. डॉक्टरकी तिथे पदवीनंतर सुरू होते. त्या तेरा टक्क्यांत नर्सिंग आणि तसले अभ्यासक्रम मोठ्या संख्येने. आपल्याकडच्या आईबापांना 'हेल्थ' वाचून एमबीबीएस दिसणार आणि सर ते दिसू देणार.

आणि मुख्य फरक वेगळाच आहे. तिथे मुलगा बहुतेक वेळा आधी कॉलेजात येतो, वर्ष-दोन वर्षं चार विषय चाखून बघतो आणि मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवतो. मध्येच बदलतोही. म्हणून त्यांच्या पदवीधरांची मोजणी थोडीफार तरी आवडीची मोजणी असते. आपल्याकडे दहावीनंतर जी शाखेची पाटी गळ्यात पडते ती बारावीनंतर क्वचित उतरते. वर टक्के, वर कटऑफ, वर फी, वर गाडी बदलावी लागते की नाही. इतक्या चाळण्यांतून जे खाली पडतं त्याला आपण लोकप्रिय म्हणतो.

त्या अमेरिकन आकड्यांत भाच्याला एक जुना तक्ताही सापडला आणि आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत तोच वाचत बसलो. १९७०-७१ मध्ये तिथे साधारण आठ लाख चाळीस हजार पदव्या दिल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या एक लाख शहात्तर हजार शिक्षणशास्त्राच्या, म्हणजे दर पाचातला एक होऊ घातलेला मास्तर. आता तो वाटा चार टक्क्यांच्या आसपास. आणि कॉम्प्युटरच्या पदव्या त्या वर्षी किती, तर सगळ्या देशात मिळून दोन हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी. आता लाखाच्या वर. पन्नास वर्षांपूर्वी या सरांसारखा कुणी चकती घेऊन बसला असता तर त्याने अख्ख्या अमेरिकेला डीएड करायला लावलं असतं.

आपल्याकडे असे आकडे नाहीत असं नाही. केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण आहे, २०१०-११ पासून चालू. आमच्या कॉलेजची माहिती त्यात भरायला मीच बसायचे, रात्री सर्व्हर मोकळा असायचा म्हणून. २०२१-२२ च्या अहवालात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी कला शाखेत ३४.२ टक्के, विज्ञानात १४.८, वाणिज्यमध्ये १३.३ आणि इंजिनिअरिंगमध्ये ११.८. म्हणजे या देशात सगळ्यात जास्त मुलं बीए करतात. बीए करून काय होतं, असं ज्या देशात घराघरात विचारतात, त्याच देशात. हे शिकत असलेल्यांचे आकडे आहेत, पास होऊन गेलेल्यांचे नव्हेत, पण अंदाज यायला पुरेत. सरांना विचारलं, हे आकडे दाखवता का पालकांना? ते म्हणाले, "त्याने पालक डिमोटिव्हेट होतात."

कला शाखा मोठी का, हे खिडकीत बसलं की कळतं. प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून तालुक्याच्या गावी कॉलेज काढायचं तर आधी कला शाखा निघते. फी कमी. हजेरीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, म्हणून स्पर्धा परीक्षा देणारे तिथे येतात. नोकरी करत बाहेरून परीक्षा देता येते. आणि मुलीला 'काहीतरी शिकत असू दे' म्हणणारे बाप अजून आहेत. यातल्या किती जणांना इतिहास आवडतो म्हणून ते इतिहासाला येतात? येतात, दरवर्षी काही येतात. त्यांचे चेहरे वेगळे असतात. ते फी भरताना अभ्यासक्रमाचं पुस्तक कुठे मिळेल ते विचारतात.

मुंबईचं गणित मात्र देशापेक्षा निराळं. इथे खरी रांग कॉमर्सची. सिडनॅम कॉलेज १९१३ चं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणतात ते मुंबईत निघालं ते उगीच नाही. बँका इथे, विमा कंपन्या इथे, शेअरबाजार इथे, गोदी इथे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळचं कॉलेज. सातला लेक्चर, साडेदहाला सुटी, अकराला सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, किंवा काकाच्या दुकानात. बीएस्सीवाल्याला दुपारी प्रॅक्टिकल असतं, त्याला हे जमत नाही. एका तुकडीत १२० मुलं कोंबता येतात, खडू-फळा सोडून काही लागत नाही, म्हणून कॉलेजलाही परवडतं. कॉमर्स लोकप्रिय आहे की सोयीचं आहे, हा प्रश्न मला छत्तीस वर्षं पडला. मी स्वतः बीकॉम. मला संस्कृत घ्यायचं होतं. पण मी बारावी झाले ते वर्ष १९८२, जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झालेला आणि माझे वडील गिरणीत. रात्रीचं कॉलेज, दिवसा टायपिंग, आणि रात्रीच्या कॉलेजात जे होतं ते मी घेतलं. आकडेवारीत मी कॉमर्स आवडणारी मुलगी आहे.

खिडकीसमोरची रांग दर काही वर्षांनी जागा बदलायची. मी लागले तेव्हा बँकेच्या परीक्षांसाठी कॉमर्स. विज्ञानात केमिस्ट्री, कारण मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात औषधांचे आणि रंगांचे कारखाने होते आणि बीएस्सी केमिस्ट्री म्हणजे लॅबमध्ये नोकरी, हे घरोघर पाठ होतं. कारखाने गेले, तिथे टॉवर आले, तरी केमिस्ट्रीची रांग कित्येक वर्षं तशीच. बापाच्या डोक्यात त्याच्या वेळचा कारखाना चालू असतो. मग कॉम्प्युटर आले, बीएस्सी आयटी आलं. बीएमएस आलं, मास मीडियाचं बीएमएम आलं, अकाउंटिंग-फायनान्स आलं, सगळे विनाअनुदानित, फी अनेक पटींनी जास्त, तुकडी साठची. फी जास्त म्हणजे कोर्स चांगला, असं लोकांना वाटतं, हे त्या वर्षांत मी शिकले. एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या वर्गांत तेच सर थोडाफार तोच हिशेब शिकवायचे.

मुली विज्ञानाला वाढल्या ते मात्र डोळ्यांसमोर वाढल्या. देशातही तसंच दिसतं. २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत सत्तावन्न लाखांच्या वर विद्यार्थी आणि त्यात मुली मुलांपेक्षा जास्त. आमच्याकडे बीएस्सीच्या मस्टरवर हे कितीतरी आधी दिसायला लागलं होतं.

विषयांतर झालं. सरांकडे परत येते, कारण खरी चूक अजून सांगायचीच आहे.

बीएमएस घ्या म्हणाले. ठीक. मी विचारलं, सीईटीचं, म्हणजे प्रवेश परीक्षेचं, काय? सरांनी एक क्षण माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेला मी नाही, तेच बसले आहेत. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, अखत्यारीत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेले पन्नास हजारांच्या आत, म्हणून मग पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. त्याच वेळी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून घेतलं, म्हणजे सीईटीची कटकट नको. अभ्यासक्रम जवळपास तोच, पाटी वेगळी. २०२५ ची सीईटी एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन मेच्या पहिल्या आठवड्यात संपली होती. आम्ही सरांसमोर बसलो ते त्यानंतर. म्हणजे सर पोरीला सुटलेल्या गाडीत बसवत होते, आणि शेजारच्या फलाटावर दुसऱ्या नावाने उभी असलेली तीच गाडी त्यांना ठाऊक नव्हती.

हे मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "ते अ‍ॅडमिशनचं डिटेलिंग झालं, आमचं काम डायरेक्शन देणं." साडेसहा हजारांत फक्त दिशा मिळते, हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं.

सायकॉलॉजीबद्दलही त्यांनी 'ट्रेंडिंग' एवढंच सांगितलं. त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं होतं की बीए सायकॉलॉजी केलं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही, पुढे एमए लागतं, क्लिनिकलला त्यापुढेही शिक्षण आणि नोंदणी लागते. आमच्या वेळच्या पद्धतीत पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर. पहिल्या वर्षाला सायकॉलॉजी घेतलेल्या सगळ्यांना तिसऱ्या वर्षी ते मिळायचं नाही, कारण प्रॅक्टिकलमुळे जागा मोजक्या. राहिलेली मुलं समाजशास्त्राला जायची, इतिहासाला जायची. म्हणजे पदवीच्या यादीत समाजशास्त्राचे जे पदवीधर दिसतात त्यातले कितीतरी मानसशास्त्राच्या दारातून परत आलेले. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आलंय, कागद बदलले, पण वर्ग तेवढेच आहेत आणि शिक्षकही तेवढेच.

तर ती मुलगी. आम्ही निघालो तेव्हा लिफ्ट कुठेतरी अडकली होती, आणि ती जेवणाच्या सुटीत खाली वडापाव आणायला निघाली होती. जिन्यातच गप्पा झाल्या. तिने सांगितलं, "मॅडम, मला सायकॉलॉजी पाहिजे होतं, यादीत नाव नव्हतं. तुम्हीच म्हणालात, इतिहासाला अजून जागा आहेत, विचार कर आणि उद्या अकराच्या आत ये." मला आठवत नव्हतं. कसं आठवणार, हे वाक्य मी वर्षाला दोनशे वेळा म्हटलं असेन. तिने इतिहास केला, मग समुपदेशनाचा डिप्लोमा केला, आता इथे टॅब वाटते. इतिहास घेतल्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

तिने मृण्मयीला एकच प्रश्न विचारला. "परीक्षा झाल्यावर पुस्तकं रद्दीत घातलीस ना? कुठलं पुस्तक घालवलं नाही?"

मृण्मयी म्हणाली, "भूगोलाचं. आणि नकाशाची वही."

"मग सायकॉलॉजीचं?"

"ते मैत्रिणीला दिलं."

एवढंच. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये. ती वडापावच्या गाडीकडे वळली, आम्ही स्टेशनकडे. एकशे ऐंशी प्रश्नांत हा नव्हता.

भूगोलाचं सांगायचं तर माझ्या खिडकीत भूगोल मागणारा विद्यार्थी म्हणजे पावसाळ्यातली हापूसची पेटी. नसायचेच. मुलं नाहीत म्हणजे वर्कलोड, शिकवायच्या तासिका, नाही, वर्कलोड नाही म्हणजे शिक्षकाची जागा भरत नाहीत, शिक्षक नाही म्हणजे पुढच्या वर्षी विषयच नाही. असे विषय कुणी बंद करत नाही, ते आपले आपण माहितीपत्रकातून गळतात. म्हणून मुंबईत भूगोलात बीए करायचं तर आधी कुठल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत भूगोल आहे ते शोधावं लागतं. आम्ही शोधलं. फोन केले, दोन ठिकाणी जाऊन आले. एका कॉलेजात खिडकीवरच्या मुलाने मला "काकी, ऑनलाइन बघा" म्हणून वाटेला लावलं. मी म्हटलं, बाळा, मी ही खिडकी तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवलीय, आत जाऊन तिसऱ्या वर्षाचं मस्टर आण. आणलं.

रिपोर्ट आठ दिवसांनी मेलवर आला. चोवीस पानं म्हणाले होते, चोवीसच आहेत. त्यातली सहा सर्वसाधारण उपदेशाची, चार जाहिरातीची, दोन पानांवर तीच चकती. एका ठिकाणी मृण्मयीच्या जागी आधीच्या कुणा मुलाचं नाव राहिलेलं. ऑफिसात असते तर हा कागद इनवर्ड करून घेतला नसता. 'स्थानिक आणि अवकाशीय आकलन : उच्च' असा एक शेरा चौदाव्या पानावर आहे, म्हणजे चाचणीला नकाशे दिसले होते. सरांना दिसले नाहीत. एवढ्यासाठी चाचणीला मी नावं ठेवणार नाही. बेसबॉल वगळता.

कुणाला जायचंच असेल तर माझं म्हणणं एवढंच, की पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. दाखवता ते आकडे कुठल्या देशाचे आणि कशाचे, अर्ज करणाऱ्यांचे, प्रवेश घेणाऱ्यांचे की पास होऊन गेलेल्यांचे? आणि चाचणी मराठीत आहे का? उत्तराला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर खाली उतरा, समोर लस्सी चांगली मिळते. शनिवारी जाऊ नका, गर्दी फार. बाथरूम स्वच्छ आहे, हे राहिलं होतं.

भाऊ आधी रुसला. भूगोल घेऊन काय करणार म्हणाला. मी त्याला विचारलं, तुझ्या फोनमधला तो नकाशा कोण बनवतं? महापालिकेचा विकास आराखडा कोण काढतं? त्यावर तो म्हणाला, "इंजिनिअर." त्याचंही अगदी चूक नाही. भावजय मात्र पटकन तयार झाली, कारण फी बघितली.

फॉलोअप कॉल जूनच्या शेवटी आला, कॉलेज सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर. फोनवर कुणी दुसरीच मुलगी होती.

"मॅडम, आमच्याकडून गायडन्स घेतलेल्या स्टुडंट्सचा डेटा अपडेट करतोय. मृण्मयीने बीएमएस घेतलं का?"

"नाही. भूगोल."

"सॉरी?"

"जॉग्रफी. बीए."

पलीकडून बराच वेळ बटणं दाबल्याचा आवाज.

"मॅडम, आमच्या लिस्टमध्ये जॉग्रफी येत नाहीये. अदर्समध्ये टाकू का?"

टाका म्हटलं.